गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय? ‘होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका

माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना लागला होता तेव्हाची गोष्ट. तिला डोहाळे पेरूचे, त्यामुळे भावजी रोज ऑफिसमधून येताना म्हात्रे पुलाजवळच्या गाडीवरून तिखटमीठ लावलेला पेरू घेऊन यायचे. एक दिवस तिने घास तोडला आणि पेरूच्या पांढऱ्या गरावर चांगलं लालभडक रक्त. ती घाबरलीच. सासूबाई म्हणाल्या, होतं गं असं, बाळ आईचं कॅल्शियम ओढून घेतं म्हणून दात कच्चे होतात, दूध जास्त पी. पुढच्या व्हिजिटला गायनॅकना विचारलं तर त्याही म्हणाल्या प्रेग्नन्सीत होतं असं. मग आम्ही दोघी जवळच्या एका डेंटिस्टकडे गेलो, त्यांनी कितवा महिना एवढंच विचारलं आणि तोंडात न बघताच सांगितलं की डिलिव्हरीनंतर या, आत्ता मी हात लावणार नाही.

म्हणजे तीन माणसं, तिघांचीही आमच्याबद्दल काळजी खरी, आणि तिघांचं उत्तर एकच, की सोडून द्या. मी डॉक्टर नाही, पण मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलंय आणि बारा वर्षं कॉलेजात तोच विषय शिकवतेय, त्यामुळे हिरडीतनं रक्त आलं की मला सगळ्यात आधी तिथले जंतू आठवतात. तेव्हा बसून जे वाचलं, नंतर एका डेंटल कॉलेजमधल्या हिरड्यांच्या डिपार्टमेंटमध्ये जे बघितलं, ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत लिहितेय, कारण तिच्यानंतर ओळखीतल्या तीन-चार मुलींनी मला अगदी हेच विचारलंय.

आधी ते कॅल्शियमचं. बाळाला कॅल्शियम लागतं हे खरं आणि ते आईच्या खाण्यातून आणि कमी पडलं तर तिच्या हाडांतून जातं हेही खरं, पण दातांतलं कॅल्शियम बाळ काढून घेत नाही. दात एकदा बनला की त्यातलं कॅल्शियम असं रक्तात परत जात नाही. दूध जरूर प्या, पण हिरडीतनं रक्त येतं त्याचा कॅल्शियमशी संबंध नाही, ते सुजेमुळे येतं, आणि सूज येते ती दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे साचलेल्या जंतूंच्या थरामुळे.

हा थर रोज सगळ्यांच्याच दातांवर बसतो. माणसाच्या तोंडात जंतूंच्या ७०० च्या आसपास जाती सापडल्यात आणि त्यातले बरेचसे अगदी निरुपद्रवी असतात. ब्रशने थर निघाला तर ठीक, नाही निघाला तर लाळेतले क्षार बसून तो कडक होतो, ज्याला आपण किटण म्हणतो, आणि एकदा किटण झालं की ते ब्रशने निघत नाही, डेंटिस्टलाच काढावं लागतं. किटणावर नवीन थर आणखी सहज बसतो, हिरडी सुजते, दातापासून जराशी सुटते आणि मधे खाच पडते. चांगल्या हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते, ४ किंवा जास्त झाली की तिला पॉकेट म्हणतात. पॉकेटच्या तळाशी हवा पोचत नाही आणि ज्या जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही त्यांना तर अशीच जागा हवी असते. ते तिथे मुक्कामाला आले की हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाडही झिजायला लागतं, आणि या सगळ्यात दुखत जवळजवळ काहीच नाही, म्हणून तर लोक वर्षानुवर्षं जात नाहीत.

आता गरोदरपणात नवीन काय घडतं? प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन भरपूर वाढतात, त्याने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या जास्त भरतात, जास्त पाझरतात, आणि आधी ज्या थराला हिरडी गप्प बसायची त्याच थराला ती आता जोरात सुजून उत्तर देते. शिवाय प्रीव्होटेला इंटरमीडिया नावाचा एक जंतू आहे, त्याला वाढायला व्हिटॅमिन के सारखा पदार्थ लागतो, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं की तो या हार्मोन्सचा वापर त्या व्हिटॅमिनऐवजी करू शकतो! मला हे वाचून खरंच थांबायला झालं होतं, म्हणजे आईचं शरीर बाळासाठी जे बनवतंय त्यावर एक जंतू हिरडीत बसून जगतोय. त्यामुळे गरोदर बायकांपैकी ६० ते ७५ टक्के जणींच्या हिरड्या सुजतात असा अंदाज सांगितला जातो. काहींना हिरडीवर लाल, मऊ, पटकन रक्त येणारी गाठ येते, तिला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात, नाव भयंकर आहे पण तो कॅन्सर नाही, बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप बसतो.

तर गायनॅक म्हणाल्या ते खोटं नव्हतं, होतंच असं. पण खूप जणींना होतं म्हणजे सोडून द्यायचं असं नाही ना, ॲनिमियाही आपल्याकडे खूप जणींना होतो आणि त्याच्या गोळ्या आपण देतोच.

आता मुख्य प्रश्न, तोंडातल्या जंतूचा आणि पोटातल्या बाळाचा संबंध काय. सुजलेल्या पॉकेटची आतली बाजू म्हणजे उघडी जखमच असते, आणि हिरड्यांचा आजार तोंडभर असेल तर ही सगळी जखम एकत्र मांडली तर तळहाताचा काही भाग व्यापेल. हातावर एवढी जखम घेऊन कोणी नऊ महिने गप्प बसेल का? पण ही तोंडात असते, दिसत नाही. चावताना, ब्रश करताना तिथले थोडे जंतू रक्तात शिरतात. बहुतेक वेळा शरीर त्यांना काही मिनिटांतच संपवतं, हे सगळ्यांच्याच बाबतीत होत असतं, त्याने लगेच घाबरायचं कारण नाही.

पण काही जंतू वेगळे निघतात आणि त्यातला सगळ्यात अभ्यासलेला म्हणजे फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. मायक्रोस्कोपखाली तो सूतकताईच्या चातीसारखा दिसतो, दोन्ही टोकांना निमुळता, त्याचं नावही त्यावरूनच पडलंय. दातावरच्या थरात त्याचं काम पुलासारखं असतं, आधी आलेल्या साध्या जंतूंना एका बाजूने चिकटायचं आणि नंतर येणाऱ्या त्रासदायक जंतूंना दुसऱ्या बाजूने धरायचं. चिकटण्यासाठी त्याच्या अंगावर फॅडए नावाचं प्रोटीन असतं, आणि हेच प्रोटीन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींनाही चिकटतं आणि पेशीपेशींमधला सांधा सैल करतं. म्हणजे रक्तातून बाहेर, ऊतीमध्ये जायची वाट तो स्वतःच करून घेतो.

आणि वार, म्हणजे बाळाला पोसणारा प्लासेंटा, ही जागा अशा जंतूला सोयीची पडते. बाळ निम्मं वडलांचं असतं, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने निम्मं परकं, तरी तिने त्यावर हल्ला करू नये म्हणून वारेपाशी ती जरा आवरती घेतलेली असते. बाळासाठी ठेवलेल्या या सवलतीचा फायदा मग जंतूलाही मिळतो. २००४ साली यिपिंग हान या संशोधक बाईंच्या टीमने गाभण उंदरांच्या रक्तात हा जंतू सोडून बघितला, तर तो बाकी शरीरात पसरला नाही, वारेत मात्र जाऊन वाढला, आणि पिल्लं वेळेआधी किंवा मेलेली जन्मली. उंदरांना इंजेक्शनने दिलेला डोस आणि बाईच्या हिरडीतून झिरपणारे थोडे जंतू यात फरक आहे हे लक्षात ठेवूया. पण अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या बायकांच्या गर्भजलातही हा जंतू वारंवार सापडलाय.

२०१० मध्ये हान यांच्याच टीमने एका बाईची केस छापली. तिचे दिवस पूर्ण भरत आले होते, गरोदरपणात हिरड्यांतून बरंच रक्त यायचं, शेवटच्या दिवसांत तिला सर्दीतापासारखं झालं आणि बाळ पोटातच गेलं. बाळाच्या फुप्फुसांत आणि पोटात हा जंतू सापडला, मग आईच्या वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने तपासले तर तोच नेमका प्रकार तिच्या दातांवरच्या थरात मिळाला आणि योनिमार्गात मिळाला नाही. हे लिहिताना मला जड जातंय, कोणी गरोदर मुलगी हे वाचत असेल तर तिला सांगते, ही एक अतिशय दुर्मिळ केस आहे, हिरड्यांतून रक्त येणाऱ्या लाखो बायकांना छान ठणठणीत बाळं होतात. पण तोंडातला जंतू तिथवर पोचू शकतो एवढं त्या केसने दाखवून दिलं.

दुसरी वाट अशी की जंतू हिरडीतच राहतो पण सुजेचा परिणाम लांब जातो. सुजलेल्या हिरडीत जे पदार्थ तयार होतात त्यात प्रोस्टाग्लॅंडिन ई२ असतं. डिलिव्हरीची तारीख उलटली की दवाखान्यात ‘कळा येण्यासाठी जेल लावलं’ असं आपण ऐकतो ना, त्या जेलमध्ये औषध म्हणून असतं ते हेच! गर्भपिशवीचं तोंड मऊ करणं आणि कळा सुरू होणं हे त्याचं नेहमीचं काम. तोंडातल्या दीर्घ सुजेमुळे रक्तात सुजेचे संदेश सतत फिरत राहिले तर वेळेआधीच त्या दिशेने ढकललं जात असेल असा हा विचार आहे. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांमध्ये प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून किडनीसारख्या अवयवांवरही परिणाम होतो तो आजार, तोही जास्त दिसलाय.

हे सगळं पहिल्यांदा ठळक पुढे आलं १९९६ मध्ये. नॉर्थ कॅरोलिनात स्टीव्हन ऑफेनबाकर यांच्या टीमने १२४ बायकांचा अभ्यास केला आणि हिरड्यांचा आजार जास्त असणाऱ्यांमध्ये अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. यानंतर जगभर असे अभ्यास झाले, बहुतेकांत संबंध दिसला, पण सातपट इतका क्वचितच.

इथे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आठवतात. त्या मिश्री लावतात, तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि त्यांची सून गरोदर असतानाही लावायची, दात दुखायचे थांबतात म्हणून. आता विचार करा, तिच्या हिरड्या खराब आणि बाळ कमी वजनाचं झालं तर दोष कोणाचा? तंबाखू हिरड्याही बिघडवते आणि बाळाचं वजनही कमी करते. डायबेटिसचंही तसंच, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. गरिबी, ॲनिमिया, डॉक्टरकडे न जाणं, हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला येतं. म्हणून दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी एकीमुळे दुसरी झाली असं लगेच म्हणता येत नाही, आणि ते ठरवायचा मार्ग एकच, अर्ध्या बायकांवर उपचार करून बघायचे. (मावशींच्या सुनेने मिश्री सोडली, सहाव्या महिन्यात, आणि ते तिने एकटीने केलं, घरात सगळे लावत असताना. त्याचं मला फार कौतुक आहे.)

तर ते करून बघितलं गेलं. अमेरिकेत ८२३ गरोदर बायका घेतल्या, सगळ्यांना हिरड्यांचा आजार, अर्ध्याजणींचं खोलवर स्केलिंग, म्हणजे किटण काढून सफाई, २१ आठवड्यांच्या आत केलं, बाकीच्यांचं बाळंतपणानंतर. २००६ मध्ये निकाल आला. वेळेआधी बाळंतपण पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १२.८ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. हिरड्या मात्र सुधारल्या, आणि आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे उपचारांमुळे कोणाच्या बाळाला धोका वाढला नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही साधारण हेच निघालं.

मी हे वाचलं तेव्हा थोडी निराश झाले, खरं सांगायचं तर मला ‘स्केलिंग केलं आणि बाळ वाचलं’ असं काहीतरी हवं होतं. पण नंतर जाणवलं की चौथ्या-पाचव्या महिन्यात सफाई करणं हे उशिराचं असू शकतं. जंतू वारेपर्यंत जायचे ते कदाचित आधीच गेलेले असतात, पॉकेट वर्षानुवर्षांचं असतं, एक-दोन सिटिंगमध्ये सूज पूर्ण जात नाही. मलावीमधल्या एका मोठ्या अभ्यासाने या विचाराला जरा बळ दिलंय. तिथे सुमारे १०,००० बायकांना गर्भ राहायच्या आधी किंवा पहिल्या २० आठवड्यांत तोंडाच्या काळजीची माहिती दिली, आणि निम्म्या केंद्रांतल्या बायकांना त्याबरोबर झायलिटॉलचं च्युइंगगम रोज चघळायला दिलं. झायलिटॉल गोड लागतं पण दातांवरचे जंतू ते पचवून ॲसिड करू शकत नाहीत. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात वेळेआधीची बाळंतपणं गम चघळणाऱ्यांत १२.६ टक्के आणि बाकीच्यांत १६.५ टक्के होती. हा एकच अभ्यास आहे, लगेच दुकानातून कुठलंही च्युइंगगम आणू नका, त्यात बहुधा साखरच असते किंवा झायलिटॉल नावापुरतं, आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे. पण लवकर सुरुवात करायची हा धागा मला पटतो. लग्नानंतर मुलाचा विचार सुरू झाला की आपण फॉलिक ॲसिड सुरू करतो, थायरॉइड बघतो, त्याच यादीत डेंटिस्टची एक फेरी बसवायला काहीच अवघड नाही.

आता आमच्याकडे पुढे काय झालं ते. पुण्यात धनकवडीला, कॅम्पात, पिंपरीला, अशी बरीच डेंटल कॉलेजं आहेत आणि तिथे प्रायव्हेटपेक्षा खूप कमी पैशांत काम होतं, वेळ मात्र काढून जावं लागतं. आम्ही अशाच एका कॉलेजात गेलो. हिरड्यांच्या डिपार्टमेंटमध्ये एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, तिने खुणा असलेली बारीक सळई घेऊन एकेका दाताभोवती खोली मोजली आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत गेली, तीन, तीन, पाच, चार, सहा. ते ऐकताना जावेने माझा हात घट्ट धरला होता. मग तिच्या मॅडम आल्या, गायनॅककडून एक चिठ्ठी आणा म्हणाल्या, आणि दोन सिटिंगमध्ये सफाई झाली. चौथा ते सहावा महिना यासाठी सगळ्यात सोयीचा, कारण उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून फार मोठं नसतं, पण दुखत असेल, पू येत असेल तर कुठल्याही महिन्यात जायचं, थांबायचं नाही. बधिर करण्याचं इंजेक्शन, लेड एप्रन घालून दाताचा एक्सरे, हे गरोदरपणात चालतं. शेवटच्या महिन्यांत मात्र खुर्चीत सरळ उताणं झोपायचं नाही, उजव्या कुशीखाली उशी घेऊन जरा डावीकडे कलायचं, नाहीतर गर्भपिशवीचा दाब मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते.

मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणून मात्र खाऊ नका. दात दुखला की आपण सरळ आयब्युप्रोफेन असलेली गोळी घेतो, ती गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, टाळायची असते, आणि टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडू शकतात.

सासूबाईंची दुसरी भीती होती की स्केलिंगने दात हलायला लागतात. ही पुण्यात मी शंभर वेळा ऐकलीये! दात आधीच सैल झालेला असतो, किटणाने तो दोन्हीकडून धरून ठेवलेला असतो, किटण गेलं की ते कळतं एवढंच. मॅडमनी सासूबाईंना आरशात जावेच्या दातांमागचं किटण दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण महिन्याने स्वतःचे दात दाखवायला त्याच आमच्याबरोबर आल्या.

घरी करायचं ते साधंच आहे. मऊ ब्रश, दोन वेळा, दोन मिनिटं, आणि ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरके लावून, कारण रक्त येतं म्हणून आपण नेमकी तीच जागा सोडतो आणि मग ती आणखी सुजते. दातांच्या मधे फ्लॉस. उलटी झाली तर लगेच ब्रश करायचा नाही, पोटातल्या ॲसिडने दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो, एक कप पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने ब्रश. पेस्टच्या वासाने मळमळत असेल तर अगदी मटारएवढी पेस्ट घ्या किंवा कमी वासाची शोधा.

जावेला दिवस भरून मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम. स्केलिंगमुळे झाली असं मी म्हणणार नाही, वर आकडे दिलेतच. पण शेवटचे चार महिने ती पेरू, काकडी, भाकरी सगळं न घाबरता चावून खात होती, तोंडाला वास येत नव्हता, आणि तेवढ्यासाठीही तो उपचार तिला मिळायलाच हवा होता, तिच्या तोंडासाठी, बाळाचं काहीही असो.

एक गोष्ट राहिली, बाळंतपणानंतरचे दिवस. रक्त काही आठवड्यांत कमी होतं म्हणून सगळ्यांना वाटतं बरं झालं, पण जे पॉकेट आधीपासून होतं ते तिथेच असतं. त्यात डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, शिरा, खीर, रात्री दोन वाजता बाळाला पाजताना लागलेली भूक, आणि ब्रश करायला उठायची ताकदही नाही. आम्ही तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला होता, रात्री लाडू खाल्ला की निदान चूळ भरायची, आणि सकाळचा ब्रश होईपर्यंत बाळ माझ्याकडे. तीन महिन्यांनी कॉलेजातली तारीख होती, तेव्हाही बाळ माझ्याच मांडीवर होतं आणि आतून आकडे ऐकू येत होते, तीन, दोन, तीन, तीन, चार.